पिकअपची म्युझिक सिस्टिम बदलताना सुरुवात दारापासून करा

पिकअपमध्ये गाणी नीट ऐकू येत नाहीत अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला, की बहुतेक वेळा त्याच्या हातात पडतो तो नवा सेट. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन डॅशबोर्डवर चमकायला लागते, बजेट तिथेच संपतं आणि दारातले स्पीकर कंपनीचे तसेच राहतात. आवाजात फरक पडतो तो नावापुरता. खर्चाचा हा क्रम उलटा आहे. पिकअपच्या केबिनमध्ये सगळ्यात जास्त फरक पाडतं ते दाराचं काम, त्यानंतर स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, म्हणजे सेटच्या सिग्नलला ताकद देणारा डबा. स्क्रीनचा नंबर शेवटचा.

पिकअप म्हणजे इथे दोन्ही प्रकार धरले आहेत. पहाटे वाशीच्या एपीएमसीत रांगा लावणाऱ्या बोलेरो पिक-अप, टाटा योद्धा यांसारख्या मालाच्या गाड्या, आणि इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या डबल केबिनच्या गाड्या. पहिल्या प्रकारात कित्येकदा सेटची जागा रिकामीच येते, दुसऱ्यात टचस्क्रीन कारखान्यातूनच बसून येते. पण आवाजाचं शास्त्र दोन्हीकडे एकच. मिरवणुकीत मागच्या हौद्यात जनरेटर ठेवून जे वाजवतात तो विषय वेगळा. इथे विचार फक्त केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या कानांचा.

केबिनमध्ये आवाज का हरवतो

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक डिझेल इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. १५०० आरपीएमला सेकंदाला ५०, २५०० आरपीएमला ८३. म्हणजे गाडी रस्त्यावर धावत असताना ५० ते ८५ हर्ट्झच्या पट्ट्यात इंजिनाची घरघर अखंड चालू असते. ढोलाचा ठोका, डग्ग्याचा घुमारा, बेस गिटार यांचं मुख्य वजन याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास असतं. इंजिन नेमकं तेवढंच झाकून टाकतं. कानाला वाटतं, स्पीकरला बेसच नाही. मग हात व्हॉल्यूमकडे जातो, आणि सेटची ताकद तिथे संपते.

ही ताकद किती असते ते एकदा मोजून पाहावं. खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला न फाटता जास्तीत जास्त २६ वॅट देता येतात, हे साधं गणित आहे. आतल्या चिपमधला तोटा वजा केला की हातात उरतात १८ ते २० वॅट. इंजिन बंद असताना त्याहून कमी. यापुढे व्हॉल्यूम वाढवला की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि छाटलेल्या लाटेतली फाजील ऊर्जा वरच्या पट्टीत जाऊन ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जाळते. ‘फुल आवाजात ट्विटर गेला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो जास्त वॅटने जात नाही. कमी पडलेल्या सेटला पिळल्याने जातो.

खोक्यावर वाचायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा. ‘पीक’, ‘मॅक्स’, ‘पीएमपीओ’ हे आकडे विकण्यासाठी छापलेले असतात, त्यांवरून काहीच ठरवू नये.

दार हाच स्पीकरचा डबा

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली की खालचे सूर एकमेकांना मारतात. घरातल्या स्पीकरला म्हणूनच बंद लाकडी डबा असतो. गाडीत तो डबा म्हणजे दार. पिकअपच्या दाराच्या आतल्या पत्र्याला काचेची मशीन आणि लॉक बसवण्यासाठी मोठी भोकं सोडलेली असतात आणि त्यांवर फक्त पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. सहा हजारांचा स्पीकर या दारात बसवला, तरी मागची लाट त्या भोकांतून डोअर पॅडमागे (दाराच्या आतल्या झाकणामागे) येते आणि बेस जागच्या जागी विरतो.

काम असं करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डोअर पॅडचे स्क्रू काढा. हँडलच्या वाटीत आणि दार ओढायच्या मुठीच्या झाकणाखाली लपलेले एक-दोन असतातच. मग खालच्या कडेपासून प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला तर पॅडचा कोपरा चिरतो. क्लिपा जुन्या गाडीत तुटणारच, दहा-बारा सुट्या आधीच आणून ठेवाव्यात. पिवळ्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन असते.

आता पावसाचा रस्ता समजून घ्या, कारण मुंबईत निम्मी कामं इथेच फसतात. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरी बीडिंगमधून थोडं दाराच्या आत उतरतंच. हा दोष नाही, दाराची रचनाच तशी आहे. ते पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली येतं आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या चिरांतून बाहेर पडतं. आतल्या पत्र्यावरचं कंपनीचं प्लास्टिक याचसाठी असतं. त्याची खालची कड दाराच्या आत वळवलेली असते, म्हणजे उडालेले थेंब परत आतच जातात. घाईत ते प्लास्टिक फाडून फेकून दिलं, की पहिल्याच जोरदार पावसात पाणी डोअर पॅडमधून पायाखालच्या मॅटवर येतं. दोन आठवड्यांत केबिनला कुबट वास सुटतो आणि दोष मात्र नव्या स्पीकरला लागतो.

म्हणून प्लास्टिक काढलं तर त्याच्या जागी पक्कं काहीतरी हवंच. बाहेरच्या पत्र्याला आतून बुटाइलचं, म्हणजे चिकट रबराचं, कंप शोषणारं डॅम्पिंग शीट लावायचं, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेलं, २ मिलिमीटर जाडीचं. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, मधला ३० ते ४० टक्के भाग पुरतो. बोटाच्या सांध्याने ठोकून पाहा. आधी ‘टण्ण’ वाजणारा पत्रा ‘धप्’ वाजायला लागला की थांबा. आतल्या पत्र्याची लहान भोकं त्याच शीटने बंद होतात. तळहाताहून मोठ्या भोकांवर नुसतं शीट ताणलं तर ते पडद्यासारखं थरथरतं, त्यामुळे तिथे १ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा कापून स्क्रूने बसवा आणि त्याच्या कडा बुटाइलने बंद करा. रिव्हेट मारू नका. पुढेमागे काचेची मशीन बिघडली की तो पत्रा काढावा लागणार आहे. दोन दारांना मिळून साधारण दीड चौरस मीटर शीट लागतं. दर दाराचं वजन दोन-तीन किलोंनी वाढतं, बिजागरीला ते जड नाही.

चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेल किंवा डिझेलने पुसलेल्या पत्र्यावर तेलकट थर राहतो आणि शीट सुटतं. पावसाळ्यात काम असेल तर पत्रा आधी हीट गनने कोरडा करा, मग लोखंडी रोलरने शीट दाबा, फॉइलवरचे उठावदार ठसे सपाट होईपर्यंत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मिळणारं डांबरी शीट स्वस्त पडतं म्हणून लावणारे बरेच आहेत. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या पत्र्यावर ते मऊ पडतं, घसरतं आणि केबिनभर डांबराचा वास भरतो.

शेवटी तळाच्या चिरा उघड्या आहेत ना ते पाहा. काच आणि बीडिंग यांच्या फटीतून बाटलीभर पाणी ओता. ते खालून लगेच रस्त्यावर आलं पाहिजे. आलं नाही तर शीट चिरांवर चढलं आहे, आणि त्या दाराचा तळ वर्षभरात गंजेल.

स्पीकर निवडताना

मोजमाप आधी, खरेदी नंतर. पुढच्या दारात बहुतेक साडेसहा इंची स्पीकर बसतो, काही केबिनमध्ये सव्वापाच किंवा डॅशमध्ये चार इंची. इंचांपेक्षा महत्त्वाची असते खोली. काच पूर्ण खाली करा आणि स्पीकरच्या बसणीपासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेली माउंटिंग डेप्थ त्यापेक्षा निदान ५ मिलिमीटरने कमी हवी. दार आपटल्यावर काच हलते, तेवढी जागा लागतेच. खोली कमी पडली तर १२ ते १८ मिलिमीटर जाडीची रिंग घालून स्पीकर पुढे आणतात. मग पुढच्या बाजूला पॅडची जाळी पडद्याला घासत नाही ना, तेही पाहावं लागतं.

रिंग एमडीएफची नको. सुताराकडे ती पटकन कापून मिळते, पण दारातल्या ओलीने फुगते, स्क्रूची पकड जाते आणि स्पीकर खडखडायला लागतो. पीव्हीसी बोर्डची किंवा जाड प्लास्टिकची रिंग घ्या. मरीन प्लाय वापरायचाच असेल तर सगळ्या कडांना, स्क्रूच्या भोकांनाही, ऑइल पेंट द्या. रिंग आणि पत्रा, तसंच स्पीकर आणि रिंग, यांच्यामध्ये फोमची पट्टी हवी. स्पीकर आणि डोअर पॅडची जाळी यांच्यामध्येही गोल फोम लावला की आवाज पॅडच्या मागे न भरकटता केबिनमध्ये येतो. ही पट्टी शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट आहे, आणि तिचा फरक कुणालाही ऐकू येतो.

नव्या ॲम्प्लिफायरशिवाय, नुसत्या सेटवर चालवायचे असतील तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीवर तो किती मोठा वाजतो ते पाहा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. सेटच्या १८ वॅटवर ९२ डेसिबलचा स्पीकर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८९ डेसिबलच्या स्पीकरला ३६ वॅट लागतील, आणि सेटकडे ते नाहीत. इथे एक गोम आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीचा आकडा आपोआप ३ डेसिबलने मोठा दिसतो. तुलना करताना दोन्हींची मोजण्याची पद्धत एकच आहे का ते बघा.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कड असलेला स्पीकर जास्त टिकतो. फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. कोएक्सियल (ट्विटर स्पीकरच्याच मध्यावर बसवलेला) की कंपोनंट, या प्रश्नाचं उत्तर दाराच्या रचनेत आहे. पिकअपमध्ये स्पीकर पोटरीच्या उंचीला असतो आणि वरचे सूर सरळ रेषेत जात असल्यामुळे ते पायातच अडकतात. कंपोनंट सेटमध्ये ट्विटर वेगळा असतो, तो डॅशच्या कोपऱ्यात किंवा काचेजवळच्या खांबावर बसवला की गायकाचा आवाज समोरून येतो. ज्याच्या डॅशमध्ये ट्विटरची जागा आहे त्याने कंपोनंटच घ्यावा. नसेल तर चांगला टू-वे कोएक्सियल पुरतो. ‘फोर-वे’च्या नावाखाली मध्ये चिकटवलेल्या जादा चकत्यांनी आवाज सुधारत नाही.

जुनी स्पीकर वायर बदलायची का? २० ते ५० वॅटसाठी गरज नाही. पाऊण स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तीन मीटर वायर जाऊन-येऊन सहा मीटर होते, तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास. ४ ओहमच्या स्पीकरवर तोटा ०.३ डेसिबल. कानाला कळत नाही. वायरवरचे पैसे वाचवून डॅम्पिंगवर घाला.

आता पोलॅरिटी. एक स्पीकर सरळ आणि दुसरा उलटा जोडला गेला तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि बेस गायब होतो. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल बास. सेलची पॉझिटिव्ह बाजू स्पीकरच्या पॉझिटिव्हला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. डॅशमागून, सेटचा कपलर काढून, त्याच वायरींवर ही चाचणी केली तर पूर्ण लाइन तपासली जाते. मात्र कंपोनंट ट्विटरवर ती करू नका. जुना स्पीकर जिवंत आहे की नाही हे मल्टिमीटरवर पाहायचं असेल तर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

ॲम्प्लिफायर, वायर आणि अर्थिंग

दर चॅनेलला ५० वॅट आरएमएस देणारा चार चॅनेलचा छोटा ॲम्प पिकअपसाठी भरपूर आहे. क्लास-डी प्रकारात त्याला पूर्ण भारावर १८ अँपियरच्या आसपास लागतात, क्लास-एबीमध्ये २५ पर्यंत. क्लास-डी घ्यावा. तो कमी तापतो आणि केबिनमध्ये सीटमागे हवा खेळायला जागा नसते.

पॉवर वायर बॅटरीपासून थेट आणायची. फ्यूज बॉक्समधल्या किंवा सिगारेट लायटरच्या लाइनवर हा भार टाकायचा नाही. पाच मीटर लांबीला, २५ अँपियरवर, २.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.८६ व्होल्ट वाटेतच संपतात आणि वायर तापते. १० स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.२२ व्होल्ट. ‘८ गेज’ छापलेल्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं आणि वर जाड रबर. टोक सोलून चाकूने तार खरवडली की आत पांढरा धातू दिसतो. तो दिसला तर ती वायर परत करा.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, ३० अँपियरचा. तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. इंजिनरूममधून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली गेली तर बॅटरीचा सगळा करंट चॅसिसला भिडतो, आणि फ्यूज त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला, ॲम्पजवळ असेल तर तो उडतच नाही. गाडी पेटण्याचं हे सरळ कारण आहे. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट नसेल तर वायर नेऊच नका.

अर्थिंगची गोष्ट पिकअपमध्ये कारपेक्षा वेगळी आहे. केबिन चॅसिसवर रबरी माउंटिंगवर ठेवलेली असते, म्हणजे लोखंडाला लोखंड सरळ भिडत नाही. केबिनला निगेटिव्ह मिळते ती एका पट्टीतून किंवा वायरमधून, आणि जुन्या गाडीत ती हमखास गंजलेली असते. ॲम्प केबिनमध्ये असेल तर त्याची काळी वायर केबिनच्या पत्र्यालाच, अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) आणि दातेरी वॉशर लावून बोल्टने आवळा. सीट बेल्टच्या बोल्टला लावू नका. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून केबिनच्या पत्र्यापर्यंत तेवढीच जाड एक नवी वायर घाला. बोल्ट आवळून झाल्यावर वरून रंगाचा हात किंवा ग्रीस. खरवडलेला उघडा पत्रा समुद्राकाठच्या हवेत एका पावसाळ्यात लाल होतो आणि मग सेट मध्येच बंद पडायला लागतो.

सेटच्या डोक्याशी आणि ॲम्पशी वायरी पिळून काळी टेप गुंडाळणं हा सगळीकडचा रिवाज. उन्हात टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, खड्ड्यांनी पीळ सैल होतो. थिंबल क्रिंपिंग पक्कडीने दाबा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

ॲम्प जमिनीवर ठेवू नका. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत गुडघाभर पाण्यातून एकदा गाडी गेली की जमिनीवरचा ॲम्प गेलाच. सीटमागच्या भिंतीवर, पीव्हीसी बोर्डवर, जोडण्यांची बाजू खाली करून बसवा. वायरींना जोडणीच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळून आलेलं पाणी झोळावरून टपकतं, ॲम्पमध्ये शिरत नाही. जॅक आणि टायर बदलायची हत्यारं सीटमागेच असतात. ती सुटी राहिली आणि ॲम्पच्या टोकांवर पडली, तर काय होईल ते सांगायला नको.

ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी ‘कुईंऽऽ’ अशी शिटी आली तर ती अल्टरनेटरची. ॲम्पला लावलेल्या आरसीए पिना, म्हणजे सेटकडून ॲम्पला सिग्नल आणणाऱ्या वायरीच्या पिना, काढून पाहा. शिटी थांबली तर दोष सेटच्या अर्थिंगमध्ये किंवा आरसीएच्या मार्गात आहे, थांबली नाही तर ॲम्पच्या अर्थिंगमध्ये. पॉवर वायर डाव्या बाजूने आणि आरसीए उजव्या बाजूने नेली असेल तर हा त्रास सहसा होत नाही. बाजारात मिळणारा ‘नॉइज फिल्टर’ हा शेवटचा उपाय, कारण तो आवाजातलाही थोडा भाग खातो.

एक चाचणी अल्टरनेटरसाठी. गाडी जागेवर चालू, हेडलाइट, वायपर, एसी किंवा ब्लोअर चालू, गाणं नेहमीच्या आवाजात. सायनच्या ट्रॅफिकमध्ये रात्री पावसात असते तीच ही स्थिती. आता बॅटरीवर १३ व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर बॅटरी चार्ज होत नाही, रिकामी होते आहे.

बेससाठी वेगळा स्पीकर लागतोच का

इंजिनाची घरघर झाकायला दाराचे स्पीकर पिळण्यापेक्षा सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे स्वतःचा ॲम्प असलेला फक्त बेसचा स्पीकर, लावावा. तितक्याच मोठ्या आवाजासाठी ८० हर्ट्झपेक्षा ४० हर्ट्झला पडद्याला चौपट हलावं लागतं. साडेसहा इंची पडद्याचा तो घास नाही. पिकअपची केबिन लहान असते आणि लहान बंद जागेत खालचे सूर आपोआप उचलले जातात, त्यामुळे आठ इंच भरपूर होतात. ज्या छोट्या टेम्पोत इंजिनच सीटखाली असतं तिथे हे उष्णतेमुळे शक्य नाही. तिथे दाराचं कामच जास्त मन लावून करा.

सेट बदलायचाच असेल तर

व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाडीत कंपनीचा टचस्क्रीन ठेवावा, हे आमचं स्पष्ट मत. तो काढला की स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा आणि कधीकधी गाडीच्या सेटिंगही अडकतात. स्पीकरच्या वायरींवरून थेट सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प जोडला की सेटला हात न लावता काम होतं.

रिकाम्या डॅशमध्ये सिंगल डिन सेटची जागा १८० × ५० मिलिमीटर, डबल डिनची १८० × १०० मिलिमीटर. फ्रेम आणि कपलर तुमच्या मॉडेलचेच मागा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ते मिळतात. कंपनीचा कपलर कापून वायरी जोडू देऊ नका. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. उघड्यावर पार्क होणाऱ्या गाडीत पुढचं पॅनेल काढून नेता येणारा सिंगल डिन सेट चांगला.

बाहेरून घेतलेल्या सेटच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी कायम चालू असलेली १२ व्होल्टची, लाल चावीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंगची, निळी-पांढरी ॲम्प चालू करणारी. स्पीकरसाठी पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली जोडीदार वायर निगेटिव्ह. पिवळी आणि लाल उलटसुलट झाली तर चावी काढताच सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. दोन्ही कायम चालू लाइनवर जोडल्या तर बॅटरी उतरते. जोडण्याआधी लाइन मल्टिमीटरवर मोजा. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात आणि तिथे हाच सेट क्षणात जळतो.

स्वस्त अँड्रॉइड सेट चावी काढल्यावरही झोपत नाहीत. गाडी बंद करून, लॉक करून, अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मल्टिमीटर लावून करंट मोजा. ५० मिलिअँपियरच्या खाली असेल तर ठीक. ३०० असेल तर दिवसाला सात अँपियर-तास जातात आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी ६० अँपियर-तासांची निम्मी बॅटरी गमावते. दिवाळीत गावाला जाऊन आल्यावर गाडी स्टार्ट न होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ट्यूनिंग

दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावा, सबवूफरला ८० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा). या एका बटणाने दारांचा आवाज मोकळा होतो. ॲम्प नसेल आणि सेटमध्ये फिल्टर नसेल, तर चार इंची डॅश स्पीकरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये २०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घाला, २०० हर्ट्झच्या खालचे सूर उतरत्या क्रमाने अडतात.

ॲम्पवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्पीकर सोडवून ठेवा, सेटचा इक्वलायझर शून्यावर, व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश, आणि पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला ३०० हर्ट्झचा टोन वाजवा. ५० वॅट, ४ ओहम म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट. ॲम्पच्या स्पीकर टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजत हा आकडा येईपर्यंत गेन वाढवा आणि तिथे थांबा. १००० हर्ट्झचा टोन घेऊ नका. साधे मल्टिमीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा आकडा दाखवतात.

सेटमध्ये टाइम अलाइनमेंट असेल तर वापरा. उजवा ट्विटर ड्रायव्हरच्या कानापासून ८० सेंटिमीटरवर आणि डावा १४० वर असेल, तर उजव्याला १.७५ मिलिसेकंद उशिरा वाजवायचं. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, त्यावरून स्वतःच्या केबिनचा हिशेब करता येतो.

दहा-दहा तास गाडी चालवणाऱ्यांनी पातळी जरूर पाहावी. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाच्या सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. त्यात इंजिनाचा आवाजही धरलेला आहे. मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू आलीच पाहिजे. काचा उघड्या असतील तर रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ लक्षात ठेवा. चालत्या गाडीतही स्क्रीनवर व्हिडिओ दिसावा म्हणून सेटची हँडब्रेकची वायर अर्थ करून ठेवायचा प्रकार करूच नका.

वीस हजारांत हे सगळं बसवायचं असेल तर साधारण अडीच-तीन हजार दारांवर, सहा हजार पुढच्या कंपोनंटवर, सहा-सात हजार ॲम्पवर, दोन हजार खऱ्या तांब्याच्या वायरीवर आणि उरलेले मजुरीवर लावा. मागचे स्पीकर, स्क्रीन, सबवूफर पुढच्या वर्षी. पक्कं बिल घ्या, खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी आहे का ते पाहा, आणि विमा कंपनीला जादा बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सामान कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या. नोंद नसेल तर चोरीच्या दाव्यात त्याचे पैसे मिळत नाहीत.

महिन्याभराने सगळे बोल्ट आणि थिंबल पुन्हा एकदा आवळून घ्या, मालाच्या गाडीत ते सैल होतातच. आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर डोअर पॅडच्या खालच्या कडेला आतून बोट फिरवून पाहा. ओल लागली तर त्याच दिवशी पॅड काढून बुटाइलची खालची कड पुन्हा दाबा.